शिष्यवृत्ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही चालू राहावी म्हणून: हजेरी, निकाल आणि नूतनीकरणाचा हिशेब

पहिल्या वर्षी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज मंजूर झाला की घरात सगळ्यांना वाटतं, आता पदवी होईस्तोवर फीची चिंता मिटली. प्रत्यक्षात मंजूर होतं ते एका वर्षापुरतं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा तपासणी व्हायची, आणि या वेळी दाखल्यांच्या जोडीला तीन नव्या गोष्टी पाहिल्या जातात: वर्गात किती बसलात, परीक्षेत काय झालं आणि मध्ये खंड पडला का. गुणांची काळजी सगळेच करतात. हजेरी मात्र लावणीत, पावसात आणि गणपतीच्या आगेमागे कधी वाहून गेली हे कळत नाही, आणि कळतं तेव्हा सत्र संपलेलं असतं. म्हणून हा हिशेब जूनपासूनच मांडायला घ्यावा.

आधी योजना ओळखा, मग तिची अट

"मला शिष्यवृत्ती आहे" एवढं सांगून भागत नाही, कारण प्रत्येक योजनेची मोजपट्टी वेगळी आहे. महाडीबीटीवर लॉगिन करून मंजूर अर्जावरचं योजनेचं पूर्ण नाव वहीत उतरवून घ्या. शेजारच्या बाकावरच्या मित्राला लागू असलेली अट तुम्हाला लागू असेलच असं नाही. फी भरायच्या रांगेत ऐकलेल्या नियमांनी आजवर पुष्कळांचं नुकसान केलं आहे.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. चालू शैक्षणिक वर्षात ७५ टक्के हजेरी सक्तीची. पहिल्यांदा नापास झालात तर परीक्षा शुल्क आणि निर्वाह भत्ता मिळतो. त्याच वर्गात दुसऱ्यांदा नापास झालात तर पुढच्या वर्गात जाईपर्यंत हे दोन्ही थांबतं. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्या मॅट्रिकोत्तर योजनांतही हजेरीची अट ७५ टक्केच आहे. कोकणातल्या कुणबी घरांतली बरीच मुलं इतर मागासवर्गाच्या योजनांत असतात, त्यांनी हा आकडा पक्का लक्षात ठेवावा.

खुल्या प्रवर्गातली, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातली मुलं बहुधा राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत असतात. इथे मागच्या सत्राची हजेरी किमान ५० टक्के लागते, नव्याने प्रवेश घेतलेल्यांना ही अट नाही. प्रत्येक वर्षातल्या सगळ्या सत्र परीक्षांना बसलेलं असावं लागतं. अभ्यासक्रम चालू असताना दोन किंवा जास्त वर्षांचा खंड चालत नाही. लाभ कुटुंबातल्या दोनच मुलांना मिळतो. ५० टक्के ऐकून कुणी सैल सोडू नये, कारण परीक्षेला बसू देण्यासाठी विद्यापीठाची स्वतःची ७५ टक्क्यांची अट असतेच. शिष्यवृत्तीच्या अटीत बसलात आणि परीक्षेच्या अटीत अडकलात, तर "सगळ्या परीक्षांना बसलेला असावा" ही अटही हातची जाते.

केंद्राची महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती बारावीला आपल्या मंडळाच्या पहिल्या वीस टक्क्यांत आलेल्यांना मिळते. उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दर वर्षी १२,००० रुपये आणि पदव्युत्तरला २०,००० रुपये. हिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर होतो, महाडीबीटीवर नाही. नूतनीकरणाला वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. हुशार मुलं घसरतात ती इथेच. समजा पहिल्या सत्रात ६०० पैकी ३३० मिळाले आणि दुसऱ्यात २६२. दोन्ही सत्रांत सगळे विषय सुटले, गुणपत्रिकेवर एकही लाल खूण नाही. पण बेरीज १,२०० पैकी ५९२ होते, म्हणजे ४९.३३ टक्के. आठ गुणांनी शिष्यवृत्ती गेली. पहिल्या सत्राचा निकाल हाती आला की लगेच वजाबाकी करा: वर्षाला ६०० हवेत, ३३० आले, म्हणजे दुसऱ्या सत्रात किमान २७० हवेत. हा आकडा अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवून ठेवावा.

गुणपत्रिकेवर फक्त श्रेणी आणि सरासरी असेल तर तिला दहाने गुणून टक्के काढू नका. प्रत्येक विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र वेगळं असतं. मुंबई विद्यापीठ, लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि दापोलीचं कृषी विद्यापीठ यांपैकी तुम्ही ज्याचे विद्यार्थी, त्याचंच सूत्र वापरायचं. ते गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं नसेल तर परीक्षा विभागातून लेखी घ्या. अर्जात भरलेले टक्के आणि कागदावरून निघणारे टक्के जुळले नाहीत की अर्ज परत येतो.

व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. पण तेही आपोआप होत नाही. दर वर्षी अर्ज करावाच लागतो. "माझी फी माफ आहे" म्हणून अर्जच न भरणाऱ्या मुलींना वर्षअखेरीस कॉलेजची मागणीची चिठ्ठी येते.

हजेरी: झालेल्या तासांवर मोजतात

हजेरीचे टक्के महिन्याच्या दिवसांवर निघत नाहीत, प्रत्यक्ष झालेल्या तासांवर निघतात. हे नीट समजलं की निम्मा गोंधळ मिटतो. गणपतीची सुट्टी कॉलेजनेच दिली असेल तर ते दिवस हिशेबातच येत नाहीत. रेड अलर्ट आला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली, तरी तेच. पण कॉलेज उघडं होतं, तास झाले, आणि तुमच्या वाडीची एसटी आली नाही, तर ती गैरहजेरी तुमच्या खात्यावर पडते. गणपतीची सुट्टी संपल्यावर मुंबईचे पाहुणे परतेपर्यंत घरी राहिलेले चार दिवसही तसेच. शिमग्यात पालखी घरोघर फिरते तेव्हा सम सत्राचे तास जोरात चालू असतात, याचाही विसर पडू नये.

एका विषयाचे सत्रभरात ६० तास होणार असतील तर ४५ ला बसावं लागतं, १५ बुडवता येतात. ऑगस्टअखेर ३० तास झाले आणि तुम्ही १८ लाच होतात, तर उरलेल्या ३० पैकी २७ ला बसलं पाहिजे. अजून जमण्यासारखं आहे, पण आता फक्त तीन तासांची सूट उरली. घाईत वापरायला एक सोपा नियम आहे: आजच्या घडीला ७५ टक्क्यांसाठी जितके तास कमी पडतात, त्याच्या चौपट तास सलग बसावं लागतं. ४० तास झाले, हवे होते ३०, तुमचे २४, सहा कमी. म्हणजे पुढचे २४ तास एकही न चुकवता. सत्रात तेवढे तास उरलेच नसतील तर ती वाट बंद झाली, आणि मग अर्ज-विनंतीशिवाय पर्याय नाही.

म्हणून दर महिन्याच्या अखेरीस विभागातल्या हजेरीपटावरून आपला आकडा उतरवून घ्या. विषयवार घ्या, प्रात्यक्षिकांचा वेगळा घ्या. एकूण सरासरी ७८ आणि एका विषयात ६० असं असलं तरी परीक्षेच्या वेळी त्या एका विषयावरून अडवणूक होऊ शकते.

कोकणात हजेरी गळते ती ठरलेल्या जागी. जुलैत भातलावणी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि ऑगस्टपासून होड्या पुन्हा पाण्यात जातात, तेव्हा बंदरावरच्या घरातली मुलं हाताशी लागतात. मार्चपासून आंबा. आणि रोज कोकण रेल्वेने येणारे: पावसाळी वेळापत्रक लागलं की गाडीचा वेग कमी होतो, वेळा बदलतात आणि पहिला तास रोज बुडू लागतो. अशा विद्यार्थ्याची हजेरी पंधरा मिनिटांच्या उशिराने एकाच विषयात कमी पडते. यावर उपाय जूनमध्येच करायचा: तुकड्या ठरत असतात तेव्हा वर्गशिक्षकांना भेटून दुपारची तुकडी किंवा प्रात्यक्षिकाची दुसरी बॅच मागा. सप्टेंबरात मागून मिळत नाही.

लावणी अडवता येत नाही हे खरं, पण पाच दिवसांची लावणी दोन आठवडे लांबवू नये. जायचंच असेल तर ज्या विषयाचे तास पुरेसे भरलेत त्याच्या वाराला जा.

आजारपण, अपघात, दरड कोसळून रस्ता बंद, घरातला मृत्यू अशा कारणांसाठी सवलतीची तरतूद असते, पण ती महाविद्यालयाची हजेरी समिती कागद पाहून देते. कागद त्याच आठवड्यातले हवेत. ऑक्टोबरात आणलेलं जुलैचं वैद्यकीय प्रमाणपत्र कोणालाच पटत नाही. राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, क्रीडा स्पर्धा, युवा महोत्सव यांसाठी गेलात तर त्या विभागप्रमुखाचं पत्र त्याच वेळी वर्गशिक्षकांकडे द्या. अर्ज असा पुरतो:

मा. प्राचार्य यांस,
विषय: दि. १४ ते १९ जुलै या काळातील अनुपस्थितीबाबत.
महोदय, मी द्वितीय वर्ष वाणिज्य, हजेरी क्रमांक ___ चा विद्यार्थी आहे. दि. १४ जुलै रोजी आमच्या गावचा रस्ता दरड कोसळल्याने बंद झाला व १९ जुलैपर्यंत एसटी सेवा सुरू नव्हती. ग्रामपंचायतीचा दाखला सोबत जोडला आहे. या काळातील अनुपस्थितीचा विचार हजेरी समितीने करावा, ही विनंती. मी शासकीय शिष्यवृत्तीचा लाभार्थी आहे.

शेवटचं वाक्य गाळू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. समितीसमोर तोंडी सांगितलेलं टिकत नाही, शिक्का टिकतो.

एटीकेटी आणि "वर्ष गेलं" यांतला फरक

एटीकेटी म्हणजे काही विषय राहिले, तरी पुढच्या वर्गात प्रवेश मिळाला. वर्ष जाणं म्हणजे पुढच्या वर्गात प्रवेशच नाही. शिष्यवृत्तीच्या दृष्टीने हे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. पुढच्या वर्गात बसलात तर राज्याच्या बहुतेक योजनांत नूतनीकरणाचा अर्ज भरता येतो. ज्या योजनेत गुणांची किमान टक्केवारी आहे तिथे मात्र एटीकेटी महागात पडते, कारण राहिलेल्या विषयाचे कमी गुण बेरीज खाली ओढतात.

किती विषय राहिले तर पुढे जाता येतं, हे अभ्यासक्रमागणिक ठरतं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर त्यात बदलही झाले आहेत. आपल्या तुकडीला लागू असलेलं परिपत्रक सूचनाफलकावरून टिपून घ्या, वरच्या वर्गातल्या ताईचा नियम तुमचा असेलच असं नाही. सापळा बहुधा तिसऱ्या वर्षाच्या दारात असतो. दुसऱ्या वर्षात एटीकेटीने सहज प्रवेश मिळतो, पण तिसऱ्यात जाताना पहिल्या वर्षाचे राहिलेले विषय सुटलेले असावे लागतात, अशी रचना बऱ्याच अभ्यासक्रमांत आहे. पहिल्या वर्षाचा एक विषय "पुढे बघू" म्हणून ठेवलेला दोन वर्षांनी वर्ष खातो. राहिलेला विषय पहिल्या मिळेल त्या परीक्षेत काढा. परीक्षा अर्जाची तारीख नियमित अर्जापेक्षा वेगळी असू शकते आणि तिची आठवण कोणी करून देत नाही.

मुंबई विद्यापीठाच्या निकालात "आरएलई" असं दिसलं तर घाबरू नका, पण स्वस्थही बसू नका. खालच्या परीक्षेचा निकाल बाकी असल्याने हा निकाल राखून ठेवला आहे, एवढाच त्याचा अर्थ. खालचा विषय आधीच सुटलेला असेल तर ती गुणपत्रिका घेऊन परीक्षा विभागात जा आणि निकाल मोकळा करून घ्या. शिष्यवृत्तीच्या तपासणीत राखीव निकाल म्हणजे निकालच नाही. पुनर्मूल्यांकनात गुण वाढले तर सुधारित गुणपत्रिका हाती येईपर्यंत थांबू नका, आहे त्या निकालावर अर्ज भरा आणि बदल झाल्यावर कॉलेजच्या शिष्यवृत्ती कक्षाला लेखी कळवा.

शाखाबदलाचंही थोडं. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर योजनेत शिक्षणाची साखळी बदललेली चालत नाही. बी. ए. नंतर एम. ए. आणि मग बी. एड. हे चालतं, बी. ए. नंतर बी. एड. करून पुन्हा एम. ए. ला आलात तर त्या एम. ए. ला लाभ नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमही एकाच वेळी एक, आणि लाभही एकालाच. एक वर्ष इंजिनिअरिंग करून "जमत नाही" म्हणून बी. एस्सी. ला यायचं असेल तर प्रवेश रद्द करण्याआधी समाज कल्याण कार्यालयात विचारून घ्या. रत्नागिरीचं सामाजिक न्याय भवन कुवारबावला आहे, सिंधुदुर्गचं काम ओरोसहून चालतं. आदिवासी विद्यार्थ्यांच्या योजनांसाठी पेणचं प्रकल्प कार्यालय, आणि शाहू योजनेच्या पारंपरिक अभ्यासक्रमांसाठी उच्च शिक्षण सहसंचालकांचं पनवेलचं कार्यालय. चुकीच्या कार्यालयात जाऊन एसटीचं भाडं वाया घालवू नका.

नूतनीकरणाचा अर्ज, पायरीपायरीने

पोर्टल उघडण्याआधी कागद तयार ठेवा. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. जूनमध्ये सेतूत गर्दी आणि तलाठ्यांच्या मागे पंचनामे असतात, तेव्हा दाखला मेमध्येच, आंब्याची धावपळ आवरता आवरता काढून घ्या. वडील मुंबईत नोकरीला आणि आई-मुलं गावी अशी घरं इकडे पुष्कळ. तिथे उत्पन्न दोन्हीकडचं धरायचं असतं. गावच्या शेतीचाच आकडा टाकलेला दाखला पुढे त्रास देतो.

मग बँक खातं. खात्याला आधार "जोडलेलं" असणं आणि थेट लाभासाठी "सीडिंग" झालेलं असणं, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहता येते. सगळ्यात शेवटी ज्या बँकेत सीडिंग झालं त्या खात्यात पैसे जातात, अर्जात कोणतंही खातं लिहा. मधल्या काळात एखाद्या योजनेसाठी पोस्टात किंवा दुसऱ्या बँकेत खातं उघडलं असेल तर पैसे तिथे जाऊन पडलेले असतात आणि विद्यार्थी "आलेच नाहीत" म्हणून हेलपाटे घालत राहतो.

लॉगिन जुनंच वापरा. नवं खातं उघडलंत तर एकाच आधारावर दोन नोंदी होतात आणि दोन्ही अडकतात. पासवर्ड बदलायचा ओटीपी मोबाइलवर येतो, म्हणून तो नंबर पदवीपर्यंत बदलू नका. प्रोफाइलमध्ये पहिल्या वर्षाची नोंद पूर्ण झाली असं दाखवा, दोन्ही सत्रांचा निकाल टाका आणि चालू वर्ष नव्याने जोडा. सगळ्यात जास्त चुका याच जागी होतात: पहिलं वर्ष "चालू" राहून जातं, प्रवेशाचं वर्ष चुकतं, किंवा एटीकेटी असताना उत्तीर्ण असं टाकलं जातं. हे शेवटचं कधीच करू नका. गुणपत्रिका समोरच जोडलेली असते.

कागद १५ ते २५६ केबीच्या आत लागतात. दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका एकाच पीडीएफमध्ये आणा. मोबाइलने काढलेल्या फोटोत सही-शिक्का वाचता येतो का ते मोठं करून पाहा. नूतनीकरणाच्या टॅबमध्ये मागच्या वर्षीची योजना दिसली पाहिजे. दिसत नसेल तर नव्या अर्जाकडे वळण्याआधी कॉलेजच्या लिपिकाला दाखवा. अर्ज सादर केल्यावर छापील प्रत आणि कागद शिष्यवृत्ती कक्षात द्या. ऑनलाइन भरलं म्हणजे झालं, हा समज खोटा आहे, कारण पुढची पायरी कॉलेजच्या लॉगिनवर असते.

यानंतर दर आठवड्याला एकदा स्थिती पाहा. अर्ज आधी संस्थेकडे, मग विभागाकडे जातो. त्रुटी असेल तर "सेंड बॅक" म्हणून परत तुमच्याकडे येतो, शेऱ्यासह. शेरा वाचून तेवढीच दुरुस्ती करा आणि मुदतीत पुन्हा पाठवा. मुदत टळली की अर्ज बाद होतो आणि त्या वर्षाची फी तुमच्या नावावर चढते.

घसरण झालीच तर

हजेरीमुळे अडलं असेल तर आधी हजेरी समितीकडे लेखी अर्ज, वर सांगितलेल्या कागदांसह. अर्ज चुकीने नाकारला गेला असं वाटत असेल तर नकाराच्या शेऱ्याचा स्क्रीनशॉट, गुणपत्रिका आणि कॉलेजचं पत्र घेऊन जिल्ह्याच्या संबंधित कार्यालयात जा आणि पोर्टलवरच्या तक्रार कक्षात नोंद करून तक्रार क्रमांक जपून ठेवा. लिपिकाशी भांडून उपयोग नाही. त्याच्या लॉगिनला जे बटण नाही ते तो दाबू शकत नाही.

वर्षच गेलं असेल तर त्या वर्गाच्या फीची तजवीज वेगळी करावी लागेल असं धरून चाला आणि कॉलेजकडे हप्ते मागा. घरी बसलेल्या वर्षात नाव कायम ठेवायचं की काढायचं, हे योजनेची खंडाची अट पाहून ठरवा. पुन्हा प्रवेश घेताना खंडाचं प्रतिज्ञापत्र लागतं.

वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेत जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये मिळतात. तिथे किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी दोन्ही पाहतात, म्हणून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती टिकली तरी स्वाधार जाऊ शकते. खोलीचं भाडं याच्यावर चालत असेल तर पहिल्या सत्राच्या निकालानंतर लगेच हिशेब करा.

शैक्षणिक कर्ज घेतलेल्यांनी प्रत्येक सत्राची गुणपत्रिका बँकेला द्यावी. पुढचा हप्ता सोडताना ती मागतातच. केंद्राच्या व्याज अनुदानाच्या योजनांत शिक्षण मध्येच सोडलं, किंवा शिस्तभंगाच्या वा अभ्यासातल्या कारणाने नाव काढलं गेलं, तर अनुदान थांबतं. आजारपणामुळे सोडावं लागलं तर कागद दाखवून ते टिकवता येतं, तेव्हा दवाखान्याची फाईल बँकेत नेण्याआधी तिची एक प्रत घरी ठेवा.